अर्ध्या चाकांच्या दऱ्यांमधून

पहिला दिवस : कार्डिफ

ब्रिटनमधल्या साउथ वेल्सला जाते आहे म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकच विचारलं, तिथे बघण्यासारखं काय आहे? बाबांनी तेवढं विचारलं नाही. बाबा तीस वर्षं परळच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात होते. कोळशाच्या खाणी बघायला चालले आहे हे कळल्यावर ते इतकंच म्हणाले, "खाणीला भोंगा असतो का बघ."

मुंबईत पहिली कापड गिरणी 1850च्या दशकात उभी राहिली. सुरुवातीची कित्येक वर्षं गिरण्यांच्या भट्ट्यांमध्ये जळणारा कोळसा ब्रिटनमधून जहाजाने येत असे. बंगालच्या कोळशाने मुंबईचा बाजार काबीज केला तो नंतर. मुंबईच्या बंदरात थांबणाऱ्या आगबोटींसाठीही वेल्सचाच कोळसा साठवून ठेवत. धूर कमी, आच जास्त, असा त्याचा लौकिक होता. त्याच बोटींवरचे रत्नागिरीकडचे खलाशी कार्डिफच्या गोदीत उतरायचे. त्यामुळे हा मुलूख मला अगदीच परका वाटत नव्हता.

1913 साली दक्षिण वेल्समधल्या खाणींतून जवळजवळ 5 कोटी 70 लाख टन कोळसा निघाला आणि त्यातला निम्म्याहून अधिक परदेशी गेला. कार्डिफशेजारच्या एकट्या बॅरी बंदरातून त्या वर्षी 1 कोटी 10 लाख टन कोळसा बाहेर पडला. आज कार्डिफच्या गोदीत उपाहारगृहं आहेत, नाट्यगृह आहे, वेल्सची संसद आहे. 1839 साली उघडलेली पहिली मोठी गोदी तर बुजवूनच टाकली आहे. ज्या इमारतीत जगभरच्या कोळशाचे सौदे व्हायचे, त्या कोल एक्स्चेंजमध्ये पुढे हॉटेल झालं. मी बाहेरूनच पाहिली. कोळशाचा पैसा जिथे साठला ती दगडी इमारत टिकली आहे. कोळसा जिथून वर आला त्या जागांचं काय झालं, ते पाहायला उद्यापासून दऱ्यांमध्ये शिरायचं आहे.

दुसरा दिवस : ब्लेनाव्हॉन

न्यूपोर्टहून बस डोंगर चढत चढत ब्लेनाव्हॉनला येते. गावात 1789 सालचा लोखंडाचा कारखाना आहे, भट्ट्यांच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. मी मात्र थेट बिग पिटकडे गेले. शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर, इथे तीनशे फूट खोल आहे. तिच्यावर लोखंडी मनोरा आणि त्याच्या माथ्यावर दोरखंडाची मोठी चाकं. खाण 1980 साली बंद झाली आणि 1983 साली संग्रहालय म्हणून पुन्हा उघडली. मधल्या तीन वर्षांत शाफ्ट बुजवला नाही, मनोरा पाडला नाही. बाकीच्या दऱ्या पाहिल्यावर मला कळलं की ही केवढी मोठी गोष्ट होती. 2000 साली हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरला.

खाली उतरण्याआधी घड्याळ, फोन, बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू काढून द्यावी लागते. खाणीत ज्वालाग्राही वायू साठू शकतो, एका ठिणगीने होत्याचं नव्हतं होतं. हे नियम पर्यटकांना गंमत म्हणून लावलेले नाहीत, खाणीचेच नियम आहेत. शिरस्त्राण, त्यावरचा दिवा, कमरेला दिव्याची जड बॅटरी आणि शेजारी जीवरक्षक डबा. वाटाडे सगळे पूर्वीचे खाणकामगार. आमच्या वाटाड्याने पंधराव्या वर्षी शाळा सोडून खाण धरली होती. तो सगळ्यांना 'बट' म्हणायचा. इकडे सोबत्याला असंच म्हणतात. बाबांच्या खात्यातले लोक एकमेकांना 'गडी' म्हणायचे, ते आठवलं.

पिंजरा खाली सुटला तेव्हा पोटात गोळा आला. खाली दगड ओला, छत बुटकं. एका ठिकाणी लाकडी दार होतं. हवा योग्य दिशेने खेळावी म्हणून अशी दारं बंद ठेवावी लागत आणि कोळशाची गाडी आली की उघडावी लागत. ते काम लहान मुलं करायची, पाच-सहा वर्षांचीसुद्धा, अंधारात एकटी बसून. 1842च्या कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरायला बंदी झाली. वाटाड्याने आम्हाला दिवे मालवायला सांगितले. डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसेना. आमच्यात एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता, त्याने आईचा हात पकडल्याचा आवाज आला. खरंच, नुसता आवाज. पुस्तकात बालमजुरीवर कितीही वाचलं तरी त्या अर्ध्या मिनिटाने जे कळलं ते कळलं नसतं.

पुढे घोड्यांचे तबेले आहेत. प्रत्येक घोड्याच्या जागी त्याच्या नावाची पाटी अजून आहे. हे घोडे खालीच राबायचे, खालीच झोपायचे. तिथल्या भिंतीला मी हात लावला. गुळगुळीत होती, बहुतेक अंगं घासून.

वर आल्यावर न्हाणीघर पाहिलं, 1939 सालचं. मला या खाणीतली ही सर्वांत महत्त्वाची इमारत वाटते, आणि मी तिथे सर्वांत जास्त वेळ घालवला. त्याआधी माणूस काळाठिक्कर होऊन घरी यायचा. बायको चुलीपुढे पत्र्याच्या टबात पाणी ओतायची, एका घरात तीन पाळ्यांत तीन माणसं असली तर दिवसातून तीनदा. पाण्याची जड भांडी उचलून बायकांची शरीरं मोडायची, उकळतं पाणी अंगावर सांडून पोरं भाजायची. न्हाणीघर आलं आणि हे सगळं थांबलं. एका बाजूला मळक्या कपड्यांची कपाटं, दुसऱ्या बाजूला स्वच्छ कपड्यांची, मध्ये शॉवर. एकमेकांची पाठ चोळून द्यायची रीत होती. पाठ धुतली तर ती कमजोर होते असं मानणारे काही जुने लोक मात्र पाठीला पाणी लावू देत नसत. अशी न्हाणीघरं दऱ्यादऱ्यांत बांधली गेली होती, कामगारांच्या कल्याणनिधीतून. खाणी गेल्या तशी त्यातली बहुतेक पाडली गेली. मनोऱ्यासाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. या टाइलच्या भिंतींसाठी कुणी हळहळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एका कपाटापाशी खाण्याचा डबा ठेवला होता, पावाच्या तुकड्याच्या आकाराचा, पत्र्याचा. त्याला 'टॉमी बॉक्स' म्हणतात. उंदरांना उघडता येऊ नये असं त्याचं झाकण. पाण्याच्या पत्र्याच्या बाटलीचं नाव 'जॅक'. बाबांचा चार खणी डबा आईने अजून माळ्यावर ठेवला आहे.

तिसरा दिवस : क्रमलिन आणि पेनाल्टा

दिवसभर पाऊस. क्रमलिन गावावरून एके काळी दोनशे फूट उंचीचा लोखंडी रेल्वेपूल जात होता, 1857 साली उघडलेला. 1960च्या दशकात तो उतरवून भंगारात काढला. दरीच्या तळाशी नॅव्हिगेशन कोलियरी, म्हणजे कोळशाची खाण, आहे. लाल विटा आणि कोपऱ्यांना, कमानींना पिवळसर विटा. बांधणाऱ्याने खाणीला देवळासारखं नटवलं आहे. 1907 ते 1911 या काळात ती उभी राहिली, 1967 साली बंद पडली. मनोरे नाहीत. इमारती संरक्षित यादीत आहेत, पण यादीत नाव आल्याने छप्पर गळायचं थांबत नाही. फुटक्या खिडक्यांतून झुडपं बाहेर आली आहेत. स्थानिक मंडळी संस्था काढून वर्षानुवर्षं धडपडत आहेत. कुंपणाला धरून मी बराच वेळ उभी राहिले. सगळ्यात जास्त राग मला अशा जागी येतो. पाडलेल्या वास्तूचा निदान निर्णय तरी झालेला असतो. इथे पावसावर सोपवून दिलं आहे.

दुपारी पेनाल्टा. ही खाण 1991 साली बंद झाली. आवारात आता घरं आहेत, दोन्ही मनोरे मात्र जागेवर ठेवले आहेत. एका अंगणात कपडे वाळत होते आणि मागे मनोऱ्याचं चाक. मला हे आवडलं. संग्रहालय सगळीकडे करता येत नाही, पण माणसं राहू लागली की वास्तू जगते. जवळच्या टेकाडावर खाणीच्या दगडमातीतूनच सुमारे 200 मीटर लांबीचा घोडा घडवला आहे, सुलतान नावाचा. जमिनीवरून तो घोडा दिसतच नाही, नुसती चढउताराची हिरवळ वाटते.

चौथा दिवस : सेंघेनिद

केअरफिलीहून बस. दरी अरुंद होत होत गाव येतं आणि रस्ता जवळपास संपतो.

14 ऑक्टोबर 1913च्या सकाळी इथल्या युनिव्हर्सल कोलियरीत स्फोट झाला. 439 खाणकामगार आणि वाचवायला गेलेला एक जण गेला. ब्रिटनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा खाण अपघात. त्याच खाणीत 1901 साली स्फोट होऊन 81 माणसं मेली होती, म्हणजे धोका माहीत होता. खटला झाला. व्यवस्थापकाला 24 पौंड दंड, कंपनीला 10 पौंड. चारशे चाळीस जीव, चौतीस पौंड. भागाकार मी स्मारकासमोर उभी राहून केला आणि फोन खिशात ठेवून दिला.

खाण नाही. तिच्या जागी प्राथमिक शाळा आहे. शाळेजवळच्या बागेत एका बचाव पथकाच्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे, तो एका जखमी कामगाराला आधार देऊन नेतो आहे. सभोवती टाइलवर गेलेल्यांची नावं आणि वयं. चौदा वर्षांची पोरं आहेत. एकच आडनाव ओळीने येत राहतं. हे स्मारक अपघाताच्या शंभराव्या स्मृतिदिनी, 2013 साली उघडलं.

एक आजी कुत्र्याला फिरवत आल्या. मी कुठून आले ते विचारलं. मी त्यांना विचारलं, खाणीचं काहीच का ठेवलं नाही? त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीला खिडकीतून तो मनोरा दिसायचा आणि ती खिडकी ती कधी उघडायची नाही. पाडला तेव्हा गावात कुणी अडवलं नाही.

मी निरुत्तर झाले. चार दिवस मी पाडणाऱ्यांना मनातल्या मनात दोष देत होते. गेले ते सरकार, ती महामंडळं, भंगारवाले. आता त्या न उघडलेल्या खिडकीचं काय करायचं?

रात्री खोलीवर बसून याचाच विचार केला. 21 ऑक्टोबर 1966 रोजी, इथून एक डोंगर ओलांडून, अ‍ॅबरफॅनला खाणीच्या राडारोड्याचा ढीग पावसाने सुटून शाळेवर कोसळला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. त्यानंतर हे काळे डोंगर हटवायला सरकारने पैसा आणि यंत्रणा उभी केली. योग्यच केलं. वेल्समध्ये आजही असे अडीच हजारांहून अधिक ढीग आहेत, 2020च्या वादळात टायलर्सटाउनवरचा एक घसरलाही. पण ढीग सपाट करणाऱ्या त्याच यंत्रांनी, त्याच पैशातून, इंजिनघरं आणि कामगारांचे दिवे ठेवायची दिवेघरंही सपाट केली. शिवाय या दऱ्या इतक्या चिंचोळ्या आहेत की सपाट जमीन असते ती फक्त खाणीपाशी. नवा कारखाना आणायचा तर तीच जागा हवी. लोखंडाला भंगारात भाव. शाफ्ट उघडा ठेवणं धोक्याचं, म्हणून तो बुजवून वर काँक्रीटचं झाकण. प्रत्येक कारण एकेकटं बघितलं तर पटतं. सगळी मिळून एक अख्खा मुलूख पुसला गेला.

आणि वेळ कुठली? 1984-85चा वर्षभराचा संप हरून माणसं नुकतीच कामावर परतली होती. संप सुरू झाला तेव्हा दक्षिण वेल्समध्ये 28 खाणी होत्या. दहा वर्षांत त्यांतली मोठी अशी एकच उरली, टॉवर. तिच्या 239 कामगारांनी नुकसानभरपाईतले प्रत्येकी 8 हजार पौंड घालून ती विकत घेतली आणि 2008 पर्यंत चालवून दाखवली. बाकीच्या गावांत भाकरीची भ्रांत होती. अशा वेळी मनोरा वाचवा म्हणून कोण उभा राहणार? 18 जानेवारी 1982ला सुरू झालेला गिरण्यांचा संप ज्या घरांनी सोसला, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या चाळीसमोरची चिमणी पाडली त्या दिवशी बाबा घरात पाठ करून बसले होते. तेव्हा मला वाटलं, त्यांना काही वाटत नाही.

पाचवा दिवस : ऱ्होंडा

ऱ्होंडा म्हणजे दोन दऱ्या. इथे पन्नासाहून अधिक खाणी होत्या. 1851 साली जेमतेम दोन हजार वस्ती असलेल्या या मेंढपाळांच्या मुलखात 1911 साली दीड लाखावर माणसं राहत होती. घरांच्या रांगा डोंगराच्या अंगाला धरून अजून तशाच आहेत, छपराला छप्पर लागून. खाणी मात्र शोधाव्या लागतात. प्रत्येक गावात शिरताना एक अर्धं चाक दिसतं. मनोऱ्यावरचं चाक मधोमध कापून जमिनीत रोवलेलं, रंगवलेलं, पायाशी फुलं. शेजारी कोळशाची जुनी गाडी, तिच्यात माती भरून रोपं लावलेली. पहिलं चाक पाहून गलबलून आलं. सहाव्या-सातव्या चाकानंतर वाटायला लागलं की पूर्ण चाक कसं फिरायचं हे या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या पोराला यातून कसं कळावं?

लुइनापिआत ग्लॅमॉर्गन कोलियरीचं वीजघर उभं आहे, 1905 सालचं. 1910च्या नोव्हेंबरात टोनीपँडीचा दंगा पेटला तो याच्याभोवती. सुमारे 12 हजार कामगार संपावर होते. हे वीजघर बंद पडलं की पंप बंद, पंखा बंद, खाण पाण्याखाली. पोलिसांनी आत ठाण मांडलं, बाहेरून दगड आले. कामगार चळवळीच्या इतिहासातली एवढी मोठी जागा, आणि मी गेले तेव्हा दारंखिडक्या बंद, भिंतीवर वेली. जवळच खाणीचा मालक आर्चिबाल्ड हूड याचा पुतळा आहे, बोट खाणीकडे दाखवणारा. पुतळा धड आहे. बोट जिकडे दाखवतो तिकडची खाण गेली.

मग ट्रेहॅफॉडला लुइस मर्थिर. 1983 साली बंद झालेली ही खाण वारसास्थळ म्हणून राखली आहे. बर्टी आणि ट्रेफर या दोन शाफ्टवरचे मनोरे, त्यांची इंजिनघरं आणि एक उंच विटांची चिमणी. इथेही वाटाडे जुने खाणकामगार. आमचा वाटाड्या सत्तरी ओलांडलेला. दिवेघरात त्याने पितळी बिल्ले दाखवले. खाली जाताना बिल्ला द्यायचा, वर आल्यावर परत घ्यायचा. संध्याकाळी खुंटीवर बिल्ला राहिला तर माणूस खालीच आहे. त्याच्या बोलण्यात एक ठाशीवपणा होता, हात यंत्रावर ठेवूनच बोलायचा. निघताना तो म्हणाला, आमच्यासारखे सांगणारे आता फार वर्षं राहणार नाहीत, मग हा जिना, ही खुंटी कशाची ते कोण सांगणार. खोकला आला म्हणून तो थांबला. तो खोकला मला ओळखीचा होता.

इंजिनघराच्या बाहेर येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इकडे दुपारचे तीन, लालबागला साडेसात. फोन फिरवून मनोरा दाखवला, चाकं दाखवली, चिमणी दाखवली. बाबा काही बोलत नव्हते. सेंघेनिदच्या आजींची गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मलाही नको होती बघायला." थोड्या वेळाने म्हणाले, "पण आता बघावीशी वाटते. चाळीस वर्षं लागतात."

हेच तर सगळं आहे. पाडायचं की ठेवायचं हे ठरतं ते बंद पडल्यानंतरच्या चार-दोन वर्षांत, जेव्हा माणसं थकलेली, चिडलेली, कर्जात असतात. बघावंसं वाटतं ते फार उशिरा. या मधल्या काळात कुणीतरी दुसऱ्याने ती वास्तू सांभाळायला हवी, गावकऱ्यांवर ओझं न टाकता. बिग पिटला ते झालं. बहुतेक ठिकाणी झालं नाही.

सहावा दिवस : सेंट फॅगन्स आणि हॉपकिन्सटाउन

सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात ओकडेल गावाची कामगार संस्था वीट न् वीट हलवून पुन्हा उभी केली आहे. 1917 साली बांधलेली, वाचनालय आणि सभागृह असलेली. कामगारांनी पगारातून वर्गणी काढून अशा संस्था चालवल्या. पुस्तकं पुढे विकली, उधळली जाऊ लागली तेव्हा त्यांतली बरीच गोळा करून 1973 साली स्वान्सीत खाणकामगारांचं ग्रंथालय सुरू झालं. ओकडेलची इमारत सुरेख आहे. पण तिच्या खिडकीतून ओकडेल दिसत नाही.

विमान रात्रीचं होतं. दुपार रिकामी होती म्हणून पुन्हा गाडी पकडून पाँटिप्रिडला गेले आणि चालत हॉपकिन्सटाउनला हेटी शाफ्टपाशी. रस्त्याला लागूनच इंजिनघर आणि मनोरा आहे. आतलं वाफेचं इंजिन 1875 सालचं. 11 एप्रिल 1893 रोजी या ग्रेट वेस्टर्न कोलियरीत आग लागून 63 माणसं गेली. दार बंद होतं. मी बाबांना पुन्हा फोन लावला.

"इंजिन आतच आहे?"

"हो. दीडशे वर्षांचं."

"आणि बॉयलर?"

मी गप्प झाले. सहा दिवसांत मनोरे पाहिले, चाकं, दिवे, घोड्यांच्या पाट्या पाहिल्या. बॉयलर एकही पाहिला नव्हता, आणि नाही हे लक्षातही आलं नव्हतं.

"भंगारात आधी बॉयलरच जातात," बाबा म्हणाले. "पत्रा जाड असतो. कालची ती चिमणी होती ना, तिच्या बुडाशी धुराचा बोगदा येतो. त्याच्या रेषेत ओळीने बसवलेले असणार, लँकेशायर जातीचे बॉयलर. समोर कोळसा टाकायला जागा सोडावी लागते, फावड्याच्या दांड्याहून जास्त. तिथे जमीन सपाट दिसेल बघ."

गाडीला पाऊण तास होता. ट्रेहॅफॉड पुढचंच स्टेशन. मी चालायला लागले.